मला याच हव्यात

भाजलेल्या बाळंतशेपांचा वास आला की शनिवार पेठेतलं ते छोटं प्रसूतिगृह आठवतं. मी विश्रांतवाडीहून येणारी नवी नर्स होते. हिरव्या पडद्यामागे एका पहिलटकरणीच्या कळा वाढत होत्या आणि मी तिची कंबर चोळत होते. तिच्या सासूबाईंनी माझं आडनाव विचारलं. त्यावरून जात कळताच म्हणाल्या, “दुसरी कुणी नाही का? हिचा हात नको.” मी अपमान गिळून मागे सरले, तर सुनेनं माझं मनगटच पकडलं. “आई, तुम्ही बाहेर थांबा. मला याच हव्यात.” तासाभरात मुलगी झाली. सासूबाईंनी ती माझ्याच हातून घेतली. त्या सुनेचे आभार मानायचे मात्र राहून गेले. आज इतक्या बाळंतपणांनंतरही ती रुखरुख जात नाही.