रोज सकाळी अकरा जीबी

आमच्या महाप्याच्या ऑफिसात मितालीइतकं चोख काम कुणी करत नाही आणि तिच्याइतकं मला कुणी छळतही नाही. मी तिचा टीम लीड. नावाला.

मिताली ही सानपाडा गावातल्या बायजाबाईंची मुलगी. बायजाबाई तीस वर्षं मासळी विकतायत. त्या घरात कालची मासळी आज पाटीत दिसली तर अब्रूच गेली म्हणायची. मितालीनं हाच नियम कॉम्प्युटरला लावला होता. आमच्या सॉफ्टवेअरचा कोड, नऊ वर्षांतल्या प्रत्येक बदलासकट, गिट नावाच्या प्रोग्रॅममार्फत ऑफिसच्या सर्व्हरवर असतो आणि त्याची अख्खी प्रत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. मिताली संध्याकाळी आपलं काम सर्व्हरवर चढवायची, लॅपटॉपवरची प्रत पुसायची आणि सकाळी सगळं नव्यानं उतरवून घ्यायची. अकरा जीबी! ऑफिसच्या दणदणीत लाइनवर तिचा चहा होईपर्यंत ते यायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कबूल.

मार्चात बायजाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर दोन-तीन तासांनी धरून चालवायचं, नाहीतर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. घरात या दोघीच. मितालीनं तीन महिने घरून काम मागितलं. आमचे मॅनेजर हौसेराव. नावात हौस, पण परवानगी देण्याची अजिबात नाही. ते म्हणाले, "एक आठवडा बघू. रोज अकराच्या मीटिंगला ताज्या कोडवर टेस्ट करून दाखवायची. नाही जमलं तर ऑफिस."

सोमवारी मितालीबाई अकराला गायब. उगवल्या पावणेबाराला. मंगळवारी तेच. बुधवारी फोनवर रडवेला आवाज, "सर, घरच्या लाइनवर अजून उतरतंय. मध्येच लाइन तुटली, परत पयल्यापासून लावलं." हौसेरावांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मी थेट तिच्या घरी धडकलो.

पाहतो तर ही लॅपटॉपवरची प्रत पुसायच्या बेतात.

"हे काय करतेस?"

"रोजचंच, सर. सकाळी फ्रेश घेते ना."

पलंगावरून बायजाबाईंनी दुजोरा दिला, "बराबर करते ती. शिला घरान ठेवाचाच नाय!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, गिट आधी विचारतं! तुला काय हवंय, आणि तुझ्याकडे आधीचं काय आहे? मग सर्व्हर त्या दोन्हींतला फरक तेवढा पाठवतो. तू रोज रिकामी पाटी घेऊन उभी राहतेस, म्हणून तो बिचारा नऊ वर्षांचं सगळं ओततो. कोड काय बोंबील आहे शिळा व्हायला?"

तिला पटलं नाही. पण त्या दिवशी पुसलं नाही, एवढंच.

गुरुवारी सकाळी आठला फोन. "सर, कायतरी बिघडलंय. सोळा सेकंदांत संपलं."

"संपलं म्हणजे झालं."

"एवढ्यात? कमी पाठवलं असेल. पुसून परत घेऊ?"

"हात लावू नकोस!" मी टूथपेस्टनं भरलेल्या तोंडानं ओरडलो.

प्रत्येक बदलाला गिट चाळीस अक्षरांची एक खूण देतं. आधीच्या इतिहासात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी खूण बदलते. माझ्या लॅपटॉपवरची खूण तिनं मला फोनवर वाचायला लावली. सगळी चाळीस अक्षरं. "अठरावं परत सांगा, सर." मी सांगितलं. चाळीसच्या चाळीस जुळली.

"सर, मग मी इतकी वर्षं..."

"हो."

"कुणाला सांगू नका हां."

सांगत नाहीये मी. लिहितोय.

गुरुवार वेळेत पार पडला. शुक्रवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, साडेदहाला कुणीतरी नवा बदल चढवला आणि नेमकी त्याच वेळी गावातली केबल गेली. मितालीनं आईच्या मोबाइलवरून नेट घेतलं. यायचं होतं सहा एमबी. आलं, टेस्ट झाली, आणि अकराच्या ठोक्याला ती मीटिंगमध्ये हजर. सगळं दाखवून झालं, तेवढ्यात मागून बायजाबाईंची हाक आली.

"सर, दोन मिनिटं," मिताली म्हणाली. "आईची अकराची चालायची वेळ टळतेय." आणि कॅमेरा चालूच ठेवून उठली.

आम्ही सातजण बघत राहिलो. मायलेकी पलंगापासून निघाल्या. बायजाबाई एकेक पाऊल टाकताना शिव्या घालत होत्या, त्या आम्हाला स्पष्ट ऐकू येत होत्या. दारापर्यंत गेल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या, परत फिरल्या. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. हौसेराव आता काय बोलतात या भीतीनं मी त्यांच्याकडे बघेना.

मिताली परत येऊन बसली, धापा टाकत. "सॉरी, सर."

"काल कुठवर गेल्या होत्या?" हौसेरावांनी विचारलं.

"खिडकीपर्यंत, सर. दारापर्यंत आज पयल्यांदाच."

हौसेरावांनी कॅलेंडर उघडलं. मग मला म्हणाले, "नंदकुमार, सोमवारपासून तीन महिने ही मीटिंग सव्वाअकराला ठेवा."