कुणाच्या पोटात काय

इंदापूरच्या बाजारात चाँदभाईंचं मोटार-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. त्यातल्या खुर्चीवर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे. उभी हयात त्यांनी तिथूनच गावोगावच्या विहिरींची दुखणी ओळखली. गिऱ्हाईक नुसतं म्हणायचं, "चाँदभाई, मोटर घरघर करतीय," की हे मागं न बघता हात घालून नेमका बुश, आसाभोवती बसणारी ती धातूची कडी, काढून द्यायचे.

पिंपळीची करुणा लहानपणी वडिलांचं, भानुदासरावांचं, बोट धरून यायची, तेव्हा ते तिला दरडावायचे.

"ए पोरी, बुश कशात बसतो?"

"पंख्यात!"

"अन् पंखा?"

"पंपात!"

"शाबास! उद्यापासनं दुकान तूच चालीव."

आता करुणा बारामतीत संगणकाची कामं करत होती, आणि सध्या इथं येऊन याच दुकानातला माल संगणकावर चढवत होती. प्रत्येक वस्तूची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत एक रकाना: ही कुणाच्या पोटातली? बुशच्या ओळीत पाणी वर ढकलणाऱ्या पंख्याचा नंबर, पंख्याच्या ओळीत पंपाचा, पंपाच्या ओळीत विहिरीत सोडायच्या अख्ख्या पाणबुडी संचाचा. सगळ्यात वरच्याचा रकाना रिकामा. तिथनं खाली उतरत गेलं की पडद्यावर अख्खं दुकान पायरीपायरीनं उलगडायचं.

काम सुरू करताना चाँदभाईंच्या मुलानं, वाजिदनं, तिला बाहेर नेऊन सांगितलं होतं, "अब्बांनी एकाला भलताच बुश दिला. मोटर जळाली त्याची. आता सगळं त्यांच्याच तोंडून घे. नीट सांगितलं तर बसू दे खुर्चीवर. न्हायतर घरी ठेवतो. लोकांच्या विहिरींशी खेळ नको."

"सांगतील चाचा. त्यांना न्हाय तर कुणाला यायचं?"

आणि चाँदभाई सांगतही होते, झरझर. मग एका दुपारी त्यांनी काउंटरवर टिचकी मारली.

"थांब. पंप चुकलाय. पंप बुशच्या पोटात घाल."

करुणानं पडद्यावरून मान वर केली. "बुशच्या, चाचा?"

"कंप्युटर शिकलीस म्हून मला पंप शिकवतीस व्हय गं?"

ती हसली. पंपाच्या बाबतीत हा माणूस चुकलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. पंपाच्या ओळीत बुशचा आकडा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळजचा एक शेतकरी आला. वाजिदनं पडदा उघडला आणि ओरडला, "करुणा, पंपच गायब! पंखा न्हाय, बुश न्हाय!"

ओळी जागच्या जागी होत्या. पण संचातून खाली उतरताना पंप सापडेना, कारण तो आता संचाच्या पोटात नव्हताच. तिनं नुसता बुश शोधून तो कुणाच्या पोटातला ते विचारलं. यंत्र वर चढू लागलं: बुश पंख्यात, पंखा पंपात, पंप बुशात, बुश पंख्यात. थांबेचना.

तिला उमगलं. खुर्चीकडं न बघता ती म्हणाली, "माझीच चूक, वाजिददादा. घाईत नंबर चुकला."

"तुझी चूक कशापायी?" चाँदभाई ताठ झाले. "म्या सांगितलं. अन् बरोबरच सांगितलंय." बोट काउंटरवर फिरू लागलं. "बुश पंख्यात. पंखा पंपात. पंप बुशात. बुश पंख्यात. पंखा..."

डाळजचा शेतकरी आधी हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग त्यानं वाजिदकडं बघितलं. बोट गोल गोल फिरतच होतं.

वाजिदनं ते हातात धरलं. "चला अब्बा, घरी."

"जेवायची वेळ झाली व्हय?"

"व्हय. झाली."

दारात सकाळी मारलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं.

करुणानं पंपाचा आकडा पुन्हा संचावर आणला. दुकान पडद्यावर उलगडलं. मग तिनं एक अट घातली: कुठलीही वस्तू तिच्याच पोटातल्या वस्तूच्या पोटात जाणार नाही. आता चाचांनी सांगितलं तरी यंत्र ऐकणार नव्हतं.

ती दारात आली, तेव्हा बाहेर स्कूटरवर मागं बसलेले चाँदभाई वळून तिच्याकडं बघत होते.

"ही पोरगी कुणाची रं?"

"भानुदासरावांची, अब्बा."

"मंग तिला येत असंल. ए पोरी, बुश कशात बसतो?"

"पंख्यात, चाचा."

"अन् पंखा?"

"पंपात."

"अन् पंप?"

हे त्यांनी तिच्या लहानपणी कधी विचारलं नव्हतं. ती उत्तर देणार, तेवढ्यात वाजिदनं स्कूटर सुरू केली.

डाळजचा शेतकरी बुशसाठी उभा होता. खुर्ची रिकामी होती, तरी तो बसला नाही.