त्याग म्हणजे टाकणं

उसाचं पाचट पेटलं की त्या धुराच्या वासानं मला एक उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आठवतो. त्या दिवशी आमच्या ख्रिस्ती देवळात वाचलं गेलं की वधस्तंभावर येशूनं ओरडून विचारलं, देवा, तू माझा त्याग का केलास. मी चौथी शिकलेली, मला त्याग म्हणजे काहीतरी पुण्याचं काम वाटायचं, म्हणून बाहेर आल्यावर पाळकबाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्याग म्हंजी टाकनं. नवरा बायकूला टाकतो ना, तसं." तोच शब्द डोक्यात घेऊन मी घरी आले, तर शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं आणि धुरानं भरलेल्या अंगणात नवरा उभाच होता. "देवळात कुनाला बघाया गेल्ती गं?" म्हणत त्यानं उसाच्या टिपऱ्यानं मारायला सुरुवात केली. एक मोडलं की तो दुसरं उचलायचा. माझा ओठ फाटला, तोंड रक्तानं भरलं. सासू दारातून म्हणाली, "गप सोस. वराडलीस तर टाकील तो तुला." याच भीतीनं मी इतकी वर्षं तोंडात पदर कोंबून मार खाल्ला होता; त्या दिवशीही कोंबला. देवानं मला टाकलंय असं वाटायचं, पण तसं बोलणं पाप समजत होते. त्यानं केस धरून माझं डोकं ओट्यावर आपटलं, तेव्हा मी पदर थुंकून किंचाळले, "देवा, मला का टाकलंस रं?" आवाज ऐकून शेजारच्या वस्तीवरची माणसं धावत आली आणि त्यांनी त्याचे हात धरले. पुढं नवऱ्यानं मला खरंच टाकलं. देवाचं मला अजून कळलेलं नाही, पण आता मी त्याला मोठ्यानं विचारते.