सांडलेला तांब्या

आमच्या गावी दार उघडलं की समोर डोंगर, आणि माथ्यावर देवीचं ठाणं. सकाळी चहा ठेवायच्या आधी आई अंगणात येऊन तिकडं बघायची, घरातलं माणूस उठलं का ते बघावं तशी. आठवीत माझी शाळा सुटली, पुढं लग्न होऊन इकडं शहरात, दिघ्याला आले आणि तो डोंगर नजरेआड झाला. इथं चाळीच्या मागंही डोंगर आहे, पण खाणीनं कडेनं खाल्लेला. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडं नीट मान वर करून बघितलं नव्हतं. हा आपला नव्हे, एवढंच वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू येईस्तोवर सगळं होऊन जाईल. मी आहे ना इथं." तो दवाखान्यात, मग पाणी कोण नेणार? आमच्याकडं आजारी माणसाच्या नावानं तांब्याभर पाणी डोंगरावर नेऊन देवीला घालतात. घरच्यानंच न्यायचं, आणि वाटेत तांब्या जमिनीला टेकवायचा नाही. मला गोवर आला होता तेव्हा आई असंच पाणी घेऊन चढली होती. तिच्या वेळेला मात्र कुणीच नव्हतं. माझा जीव आधीच घाबरा, त्यात हे मनातून जाईना. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हे कामावर गेले आणि मी तांब्या भरून मागच्या डोंगराची वाट धरली. वर इथल्या गाववाल्यांची देवी आहे, एवढं ऐकून होते.

दोन्ही हातांनी तांब्या घट्ट धरलेला, त्यामुळं आधाराला हातच नाही. मुरमाड चढावर पाय घसरला, तांब्या निसटून गडगडत गेला आणि पाणी मातीत गेलं. मी तिथंच बसून रडू लागले. आता आईचं काही खरं नाही, दुसरं काही सुचेचना.

मागून एक म्हातारी आली. आगरी पद्धतीचं लुगडं, डोक्यावर टोपली, कमरेवर कळशी. थांबून म्हणाली, "रडतंस कनाला गो बाय? न पायान ही कसली सपाता? डोंगरान आलीस का मॉलमदी?"

मी सगळं सांगितलं. तिनं टोपली उतरवली, खाली अडकलेला माझा तांब्या उचलून आणला आणि आपल्या कळशीतलं पाणी त्यात ओतलं.

"सांडला त सांडला. देवी आय काय मापून घेतं?"

"पण आमची देवी तिकडं आहे, आजी."

"तुजी तिकडं, आमची इकडं. बहिनी हान त्या. चल, एक हात माना दे."

तिच्या हाताला धरून मी वर पोचले. झाडाखाली शेंदूर लावलेली शिळा होती. आईचं नाव घेऊन पाणी घातलं. खाली खाडी चमकत होती. गावाची दिशा कुठली ते मला कळेना, म्हणून सगळीकडंच हात जोडले. उतरताना भावाचा फोन आला. आई शुद्धीवर आली होती, पाणी मागत होती.

ती म्हातारी पुढं मला बाजारात भेटली, सुकट विकत होती. मी पाया पडले. तिला मी आठवतही नव्हते. "सुकट नको त बाजूला सर गो, गिर्‍हाईक हाय," म्हणाली. त्या दिवशी किती सुकट घेऊन आले मी.

गावी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती अंगणात बसून डोंगराकडं बघत होती. म्हणाली, "मग तिकडच्या देवीला बरी झाल्याचं कळवलंस का?" दिघ्याला परतले आणि दुसऱ्याच दिवशी तांब्या भरला.

आता सुट्टीच्या दिवशी मी मागचा डोंगर चढते. एका हातात तांब्या असतो, दुसरा हात मोकळा ठेवते. वाटेत थोडं पाणी हिंदकळून सांडतं. सांडू देते. पोचलेलंही तिचं, सांडलेलंही तिचंच.