भगवंतराव गुरुजींची बदली

बदलीचं नुसतं नाव काढलं तरी भगवंतराव गुरुजींना घाम फुटे. जानेफळजवळच्या त्या खेड्यात त्यांची संत्र्याची बाग होती, दुभती म्हैस होती आणि हाकेच्या अंतरावर सासुरवाडी. मास्तरकी म्हणजे या संसाराला लावलेला टेकू! जिल्हा परिषद नुकतीच आली होती आणि बदल्या मेंबरांच्या जिभेवर होत्या. उकंडराव मेंबर एकदा सहज म्हणाले, "गुरुजी, सातपुड्याकडची हवा लय चांगली हाये म्हंतात." झालं, गुरुजींना चार दिवस घास गोड लागेना.

तेव्हापासून मेंबरांची भाषणं गुरुजी लिहीत, कापसाच्या गाड्या गुरुजी मोजून घेत, नातवाची शिकवणी गुरुजी करत. शाळेच्या इमारतीला छप्परच नव्हतं, म्हणून शाळा भरे मारुतीच्या देवळात. पोरं आपली आपणच पाढे म्हणत आणि कंटाळली की देवाभोवती पकडापकडी खेळत.

एक धडा मात्र गुरुजी जीव ओतून शिकवत, तो म्हणजे पटवून देणारा परिच्छेद. "आपल्याले काय पाह्यजे ते आंधी सांगा. मंग कारनं द्या. पन कारन आपल्या सोयीचं नको बे, आयकनाऱ्याच्या फायद्याचं पाह्यजे! अन् सोताच्या डोयानं पाह्यलेलं." जन्मभर हेच करत आलेला माणूस, दुसरं शिकवणार तरी काय?

त्या जानेवारीत बदलीची कुणकुण पक्की झाली. गुरुजींनी वर्गाला विषयच घातला, 'आमच्या गुरुजींची बदली का करू नये'. झेंडावंदनाला अध्यक्ष उकंडरावच. त्यांच्यापुढे वाचायला निवडली रामराव माळ्याची कोकिळा, कारण अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. तिचा परिच्छेद आधी नजरेखालून घालायचा होता, पण मेंबरांचं भाषण लिहिता लिहिता ते राहूनच गेलं.

सगळं गाव जमलेलं. कोकिळा उभी राहिली.

"मेंबरसाहेब, आमचे गुरुजी इथेच ठेवावेत. यात तुमचा फायदा आहे. गुरुजी तुमची भाषणं लिहितात. ते गेले तर तुम्ही काय बोलाल? गुरुजी दुपारभर तुमच्या कापसावर असतात. नवे गुरुजी आले तर ते शाळेतच बसतील. मग आम्हाला नीट लिहिता येईल. आम्ही मोठे होऊन विचारू, की शाळेला छप्पर का नाही. तुम्हाला त्रास होईल. म्हणून बदली करू नये, ही विनंती."

टाळी वाजवायला कुणाचा हात उठेना. गुरुजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ओट्यावरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. उकंडरावांनी आधी मिशीवरून हात फिरवला आणि मग ते पोट धरून हसले. मेंबर हसले म्हटल्यावर गावही हसलं.

"पटलं बुवा मले! गुरुजी, कुठीच नाई जात तुमी. निवृत्त होईस्तोवर इथंच."

गुरुजींच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, आळीभर साखर वाटली. नवऱ्याचं तोंड कडू का, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी कोकिळा पाटी घेऊन पुढे आली.

"गुरुजी, माह्या परिच्छेदाले मार्क किती?"

तिच्या डोळ्यांत खोडी नव्हती. शिकवलं तसं तिनं लिहिलं होतं, आणि गुरुजी बदलीतून वाचावेत म्हणून मनापासून लिहिलं होतं. नेमकं तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

"दहापैकी दहा," गुरुजी म्हणाले. मग फळ्याकडे तोंड करून शाळा सुटेपर्यंत ते नुसते लिहीतच राहिले.