माझ्या त्वचेला चालेल असा पील

माझं कामच संशय घेण्याचं आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने "चालतंय" म्हणून पुढे पाठवलेलं ते कुठे चालत नाही, हे शोधून काढायचं. ही सवय संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरतानाही सुटत नाही. भाजीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, विम्याचा एजंट, माझ्या प्रश्नांना सगळेच वैतागलेले असतात.

चाळिशीच्या जवळ आले तसे माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. आधी सावलीसारखे होते, मग चहा सांडून वाळल्यासारखे दिसायला लागले. ऑफिसातल्या एकीने केमिकल पील करून घे म्हणून सांगितलं. त्वचेवर सौम्य आम्ल लावतात, वरचा थर निघून जातो आणि खालून ताजी त्वचा येते, असं तिचं म्हणणं. तिच्याच सांगण्यावरून मी कर्वेनगरातल्या आमच्या घराजवळच्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले.

तिथे पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने माझा चेहरा यंत्रात घालून फोटो काढला. पडद्यावर मी निळी आणि ठिपक्याठिपक्यांची दिसत होते. असा फोटो कोणाचाही काढला तरी भयंकरच दिसणार, हे मला तेव्हाच वाटलं. तिने लगेच सगळ्यात स्ट्राँग पील सुचवला. त्यात कोणतं आम्ल असतं, असं मी विचारलं.

"फ्रूट पील आहे मॅम. एकदम नॅचरल."

"कोणत्या फळाचा?"

ती हसली आणि आत कोणाला तरी विचारून आली. उत्तर मात्र घेऊन आली नाही. डॉक्टर कुठे आहेत म्हटलं, तर ते दुसऱ्या शाखेत होते. भिंतीवर त्यांचा फोटो होता, तेवढीच त्यांची हजेरी. माझ्या सावळ्या रंगाला हा पील चालेल का, यावर ती म्हणाली की सगळ्यांनाच चालतो.

बाहेरच्या सोफ्यावर ओढणीने अर्धा चेहरा झाकून एक मुलगी बसली होती. मी सरळ तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पीलचा अनुभव विचारला. तिने ओढणी थोडी खाली केली. हनुवटीभोवती भाजल्यासारखे काळे पट्टे होते. लग्न जवळ आलंय, पुढच्या पीलमध्ये हे निघून जाईल असं इथले म्हणतात, असं ती हळू आवाजात सांगत होती. पांढऱ्या कोटवालीने आतून तिला हाक मारली, तशी ती उठून गेली. मी पायऱ्या उतरून घरी आले.

नवऱ्याने मग त्याच्या आत्याच्या ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता आणला. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचा जुना दवाखाना होता. बाई सत्तरीच्या आसपास असाव्यात. माझे प्रश्न मी फोनमध्ये लिहून नेले होते. पहिला प्रश्न विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "पील कोणता ते मागाहून बघू. आधी चेहऱ्याला काय काय लावता ते सांगा."

मी क्लिनिकने सुचवलेल्या स्ट्राँग पीलचं बोलून घेतलं, मग साबण सांगितला, सनस्क्रीन सांगितलं. रात्रीची एक साधी क्रीमही सांगितली. तिचं नाव त्यांनी विचारलं. मला ते आठवेना. ताई अमरावतीहून पाठवते, एवढंच मी म्हणाले.

"अहो, मग आधी ती घेऊन या. तोपर्यंत मी तुमच्या चेहऱ्याला हात लावणार नाही."

हा दुसऱ्यांदा बोलावण्याचा बहाणा आहे, असं मला जिना उतरताना अगदी पक्कं वाटलं. तरी त्याच आठवड्यात मी ट्यूब घेऊन गेले. बाईंनी भिंग काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब माझ्यासमोर ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. सुरुवातीला याने चेहरा उजळला असेल, त्या म्हणाल्या. मग त्वचा पातळ होत गेली, उन्हात लाल व्हायला लागली. तसं होत होतं. डाग मुळात वांगाचेच होते, पण क्रीमने ते आधी झाकले आणि नंतर जास्त चिवट केले.

"या त्वचेवर तो स्ट्राँग पील लावला असता तर चेहरा भाजून निघाला असता," त्या म्हणाल्या. "आणि आपल्या रंगाची त्वचा भाजली की काळीच पडते."

मला त्या ओढणीतल्या मुलीची हनुवटी दिसली.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून माझी वेणी तिनेच घातली, शाळेचे डबे तिनेच केले. मी पुण्याला नोकरीला आले तेव्हा या क्रीमची पहिली ट्यूब तिनेच माझ्या बॅगेत ठेवली होती. शहरात लोक तोंडाकडे पाहतात, म्हणाली होती. तीही अमरावतीच्या मेडिकलमधून आणून तीच लावायची.

बाईंनी सांगितलं तशी मी क्रीम कमी करत बंद केली. चेहरा पेटला. गाल लाल, बारीक पुटकुळ्या, पाण्याचा हबकाही सोसेना. क्रीम सुटताना असं होणारच, हे बाईंनी बजावलं होतं, तरी मला पुन्हा त्यांचाच संशय यायला लागला. तशात मी ताईला फोन केला आणि तूही बंद कर म्हटलं.

"मी बी तं लावून रायली इतक्या वर्षांपासून," ती म्हणाली. "मले काहून नाही झालं मंग? तू माह्यावरच संशय घेऊन रायली का आता?"

तसं नाही, असं मी म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला होता. दिवाळीलाही तिने फक्त माझ्या नवऱ्यालाच शुभेच्छा दिल्या.

माझा चेहरा शांत व्हायला हिवाळा उलटावा लागला. त्या सुमारास एकदा दुपारी ताईचा फोटो आला. खाली एक अक्षर नव्हतं. फक्त तिचा गाल होता, अगदी जवळून काढलेला, त्यावर लाल रेघांचं जाळं. मी फोन केला नाही. पुण्याला ये, एवढंच लिहिलं.

ट्रॅव्हल्समधून ती स्वारगेटला उतरली तेव्हा तोंडाला स्कार्फ बांधलेला होता. बाईंनी तिला तपासलं, समजावलं. ती मान हलवत राहिली. परतताना रिक्षात मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू साऱ्या दुनियेले प्रश्न विचारतं. मंग मले काहून नाही विचारलं, का हे काय होय म्हणून?"

"तू दिली होतीस ना," मी म्हणाले.

तिने स्कार्फ सोडला आणि डोळे पुसून पुन्हा बांधला.

पुढे उन्हाळ्यानंतर बाईंनी माझ्यासाठी पील निवडला. लॅक्टिक आम्लाचा, अगदी सौम्य. कोणतं आम्ल, किती तीव्र, किती वेळ, सगळं मी विचारलं आणि त्यांनी एकेक उत्तर दिलं. शेवटी म्हणाल्या, "झालं तुमचं? की परीक्षेला बसवताय मला?" आधी कानामागे थोडासा लावून पाहिला आणि पुढच्या खेपेला बोलावलं. मी त्या काळात रोज आरशात मान वळवून कानामागे बघत होते. काही झालं नाही. मग गालांवर लावला. थोडं चुरचुरलं, पंख्याखाली शमलं.

असे आणखी काही पील झाले. डाग गेले नाहीत, फिकट झाले. उन्हात हिंडले की पुन्हा गडद होतात. ताईला बाईंनी अजून पील सांगितलेला नाही, तिची त्वचा अजून तयार नाही म्हणतात. ती दर आठवड्याला मला गालाचा फोटो पाठवते आणि बरं दिसतंय का विचारते. मी फोटो मोठा करून नीट बघते आणि जे दिसतं तेच सांगते.