नलिनीताईंना काय लागत होतं?

त्या रविवारी सकाळी साडेसहाला मी नेहमीसारखी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होते. हातात तीन कापडी पिशव्या, पाण्याची बाटली. नलिनीताई वेळेच्या पक्क्या. एकदा मला पाच मिनिटं उशीर झाला, तर गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "या. पुढच्या रविवारपर्यंत थांबायची तयारी ठेवली होती मी." त्यामुळे पावणेसात झाले आणि त्या आल्या नाहीत, तेव्हाच मनात काहीतरी चुकचुकलं. वॉचमन जवळ आला. म्हणाला, "मॅडमना आत्ताच नेलं अँब्युलन्समधून. छातीत दुखत होतं." त्यांची छोटी पांढरी गाडी माझ्या शेजारीच उभी होती, आदल्या आठवड्याच्या चिखलासकट. मी पिशव्या घेऊन वर आले आणि फोन हातात धरून बसले. नऊच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. त्याच्या वर पाण्याच्या टँकरची सूचना होती, खाली कुणाच्या तरी हरवलेल्या मांजरीचा फोटो. मधे नलिनीताई.

याला आता दीड महिना झाला. एव्हाना मन शांत व्हायला हवं होतं. ते तसं होत नाही, आणि त्याचं कारण फक्त दुःख असतं तर मी हे लिहायला बसले नसते. त्या गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांची भाची केतकी माझ्याकडे आली. नलिनीताईंनी लग्न केलं नव्हतं. भावाची ही मुलगीच त्यांचं सगळं पाहायची. आम्ही चहा घेत होतो. मी म्हटलं, "अशी चवीची माणसं आता कुठे राहिली गं..." केतकीनं कप खाली ठेवला. "काकू, आत्याला वास येत नव्हता. चवही जवळजवळ नव्हतीच. सहा वर्षं झाली, स्कूटरवरून पडून डोक्याला मागून मार बसला होता ना, तेव्हापासून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. आमची ओळख पाच वर्षांची.

मी मूळची वरुडकडची, संत्र्याच्या मुलखातली. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, आता एकटी राहू नकोस, आणि मी धायरीत त्याच्या फ्लॅटवर आले. तो सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा, सूनबाईचंही तेच. मी दिवसभर खिडकीतून समोरची बिल्डिंग बघायची. एक दिवस खाली भाजीच्या गाडीवर मी टोमॅटो हातात घेऊन पुटपुटत होते, की या पुण्याच्या टोमॅटोले काही चवच नाही. शेजारी एक उंच, पांढऱ्या बॉबकटच्या बाई उभ्या होत्या. "मग तक्रार कुणाकडे करताय? टोमॅटोकडे?" असं म्हणाल्या आणि माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "चव नाही म्हणजे काय नाही?" मी गोंधळले. मग सांगितलं, की आमच्या परसातला टोमॅटो तोडला की वेलाचा हिरवा वास बोटांना लागून राहायचा, जेवताना परत यायचा, तो नाही. त्यांनी माझ्या हातातला टोमॅटो काढून परत गाडीवर ठेवला. "रविवारी साडेसहाला खाली या. पिशव्या आणा."

त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या, तिथूनच निवृत्त झालेल्या. त्यांच्या गाडीतून आम्ही आधी मार्केट यार्डात गेलो, पण दोन रविवारांतच त्या कंटाळल्या. गाडी मग शहराबाहेर जायला लागली. दिवे घाटापलीकडे अंजिरं, वेल्ह्याकडे नाचणी, मुळशीत तांदूळ, जुन्नरच्या बाजूला द्राक्षं. कुणाच्या बांधावर घेवडा चांगला आहे, कुणाच्या घरची गाय खरंच रानात चरते, हे त्या चौकशी करकरून शोधायच्या. रीत मात्र ठरलेली होती. आधी मी खायचं, मग सांगायचं. मी "छान आहे" म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "छान काय? हस्ताक्षर आहे का ते? वानखडेबाई, तुम्ही मास्तरीण आहात ना, नीट सांगा." मग मी सांगायला शिकले. अंजिराला आत मधासारखा आणि देठाशी ओल्या गवतासारखा वास. नाचणीच्या भाकरीला पावसात भिजलेल्या मातीच्या भिंतीचा. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं, बाईंना झोप येते आहे, पहाटे उठतात.

वाइनची गोष्ट सांगितली नाही तर नलिनीताई पुऱ्या होणार नाहीत. जुन्नरच्या बाजूला मीनाताई आणि त्यांचे यजमान द्राक्षबाग सांभाळतात, थोडी वाइन स्वतः करतात. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मीनाताईंनी माझ्यापुढे पेला ठेवला आणि मी खुर्ची मागे सरकवली. आमच्या गल्लीत मी दारू पाहिली होती, ती पिणारे पाहिले होते आणि त्यांच्या बायकाही पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "मले नाही जमणार, ताई." नलिनीताईंनी आग्रह केला नाही. म्हणाल्या, "प्यायची नसेल तर पिऊ नका. नुसता वास घ्या. मला गाडी चालवायची आहे, मी काही घेणार नाही. पण कुणीतरी सांगायला हवं." मी पेला नाकाशी नेला. आणि काय सांगू... संत्र्याची साल. ताजी सोललेली, नखात रस उडालेली. आमच्या बगीच्यात तोड चालू असताना सगळ्या वाडीला यायचा तो वास, जुन्नरच्या द्राक्षात कसा आला कोण जाणे. माझे डोळे भरून आले. एक घोट घेतला. आधी आंबट, मग थोडं खडीसाखरेसारखं थंड. मी बोलत सुटले, वरुडची बाग, सासरे, संत्र्यांच्या टोपल्या, सगळं. नलिनीताई टेबलावर पुढे झुकून ऐकत होत्या. मी थांबले की म्हणायच्या, "अजून."

घरी मुलाला सांगितलं, काकवी आणायला गेलो होतो. पुढे त्याला कळलं, सोसायटीलाही कळलं. रविवारी संध्याकाळी दोन म्हाताऱ्या गॅलरीत पेले घेऊन बसतात, हा विषय मीटिंगमध्ये निघाला. सेक्रेटरी नलिनीताईंना म्हणाले, "मॅडम, लोक बोलतात." त्या म्हणाल्या, "बोलू द्या की. बोलायला पाण्याचा टँकर लागत नाही." या गॅलरीत त्याही एक पेला घ्यायच्या. त्यांच्या बोलण्यात तेव्हा नेहमी एकाच तऱ्हेचे शब्द असायचे, हे आता ध्यानात येतं. जीभ आवळते, दातांवर चढते, घशात ऊब राहते. वासाचा एकही शब्द नसायचा. तेव्हा वाटायचं, ही यांची शास्त्रीय पद्धत असेल.

केतकीनं सांगितल्यापासून मी हे सगळे रविवार पुन्हा उलगडून बघते आहे आणि घडी परत बसत नाही. तिनं मला समजावलं, की अशा माणसाला गोड, आंबट, खारट, तुरट एवढं जिभेला कळतं. बाकी काही नाही. आंबा म्हणजे नुसता गोड लगदा. मग या बाईनं पाच वर्षं कशासाठी एवढं पेट्रोल जाळलं? दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. मी त्यांच्याकडे गेले तर दारातच गॅसचा भपकारा. त्या आत टेबलाशी शांतपणे वर्तमानपत्र वाचत होत्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "अहो, दूध उतू गेलं असेल मघाशी," एवढंच म्हणाल्या, पण चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला त्यांचा फोन यायला लागला. "या, चहा टाकते." मी येईपर्यंत त्या शेगडी पेटवायच्या नाहीत. मला किती बरं वाटायचं! या परक्या शहरात रोज कुणीतरी माझी वाट पाहतं... आता प्रश्न पडतो, की त्या माझी वाट पाहत होत्या की माझ्या नाकाची? मी मैत्रीण होते, की नुसती उपयोगाची बाई? राग येतो. मग गेलेल्या माणसावर रागावल्याची लाज वाटते. मग पुन्हा राग येतो.

आणि एक प्रसंग तर कशातच बसत नाही. पावसाळा सरत आला होता, आम्ही पौडच्या पुढे चाललो होतो. मला सर्दी झालेली, काही म्हणजे काही वास येत नव्हता. बोलणंही चाललं नव्हतं. एकाएकी नलिनीताईंनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि म्हणाल्या, "आंबेमोहोर." उतरून बघतो तर रस्त्याच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं, निसवलेली, लोंब्या नुकत्याच बाहेर पडलेल्या. काम करणाऱ्या बाईला मी विचारलं, ती म्हणाली, "हा, आंबेमोहोरच हाय." नलिनीताई बांधावर उभ्या होत्या, तोंड वर करून, बराच वेळ. परत आल्या तेव्हा मी विचारलं, "वास आला तुम्हाले?" त्यांनी गाडी सुरू केली. "चला, उशीर होतोय." केतकी म्हणते, शक्यच नाही काकू, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते शेत आत्याला अपघाताच्या आधीपासून ठाऊक असणार. असेल. पण मग त्या उभ्या कशाला राहिल्या?

गेल्या पंधरवड्यात मी केतकीला म्हटलं, मला जुन्नरला ने. मीनाताईंना बातमी फोनवर कळली होती. आम्ही पोचल्यावर त्या माझा हात धरून ओसरीवर बसल्या. मी सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मान हलवली.

"व्हतं की. मॅडम आधी एकट्याच यायच्या. पेला नाकाला लावला की कुठल्या तुकड्यातलं द्राक्ष हाय ते सांगायच्या. मग पडल्या, आन वरीसभर आल्याच न्हाईत. मी फोन केला तर म्हनल्या, मीनाताई, आता माझ्यासाठी सगळं पानी हाय. मग एक दिवस तुमास्नी घिऊन आल्या."

"आणि मला सांगू नका म्हणाल्या?"

"म्हनल्या व्हत्या. तुमी तितं वास घिऊन गावाकडचं बोलत व्हत्या, रडत व्हत्या. तुमी हात धुवायला गेल्यावर मला म्हनल्या, ह्या बाईंना कळलं तर माझी कीव करत सांगतील. आत्ता सोताच्या आनंदानं सांगत्यात, तसंच ऱ्हाऊ दे." मीनाताईंनी पदरानं डोळे टिपले. "म्हनल्या, त्या बोलतात तवा मला थोडं थोडं आठवतं."

परतीच्या वाटेवर केतकी गाडी चालवत होती, मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की सुटका होईल. पण मग मला दुसरंच छळायला लागलं. मी सांगितलं ते सगळं खरं होतं का? किती वेळा मी त्यांना खूश करायला शब्द वाढवले असतील, न आलेला वास आला म्हटलं असेल? त्या बाईकडे माझ्या शब्दांपलीकडे काहीच नव्हतं, आणि मला याची कल्पनाही नव्हती.

परवा फ्लॅट रिकामा करायला केतकीनं मला बोलावलं. कपडे, पुस्तकं तिनं आवरली; स्वयंपाकघर माझ्याकडे दिलं. पाच वर्षं मी त्या ओट्याशी चहा प्यायले, पण वरची कपाटं त्या कधी उघडू देत नसत. "पाहुण्यांनी बसावं," म्हणायच्या. मी स्टुलावर चढून दार उघडलं. काचेच्या बरण्यांची रांग, प्रत्येकीवर पांढरी पट्टी, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर असते तशी, आणि त्यांचं बारीक, सरळ अक्षर. नाचणी, वेल्हे. खाली: 'भिजलेली मातीची भिंत. वानखडे.' मूग: 'शाळेतली नवी पाटी. वानखडे.' गूळ: 'आधी धूर, मग नारळाची शेंडी. वानखडे.' मूग पाहताना मला पाटी आठवली होती हे मी केव्हाच विसरले होते. मी एकेक बरणी उघडून वास घेतला. काही ठिकाणी मी सांगितल्यासारखाच होता. काही ठिकाणी मुळीच नव्हता, माझं मलाच पटेना.

शेवटची बरणी कारळ्यांची. आमच्याकडे चटणीला जवस असतं, कारळे मी पुण्यातच पाहिले. त्या दिवशी मुलाशी भांडून आले होते, माझं कशात लक्ष नव्हतं. पट्टीवर लिहिलं होतं: 'वानखडे नुसतं बरं म्हणाल्या. पुन्हा विचारणे.'

तेवढी एक बरणी मी घरी आणली. काल संध्याकाळी कढई तापवून मूठभर कारळे भाजायला घेतले. ते तडतडायला लागले तशी सूनबाई ऑफिसची पर्स खांद्यावर घेऊनच आत आली. "आई, हा कसला वास येतोय?"

"थांब," मी म्हटलं, "सांगते..." आणि उलथनं हातात धरून तशीच उभी राहिले. तिळासारखा नाही. जळक्या कागदासारखाही नाही. ती पर्स न ठेवता माझ्याकडे बघत थांबली होती.